पहिल्या परदेशी नेत्रशिबिराची बॅग: काय घ्यावं, काय दुकानातच ठेवावं

प्रिन्सेस स्ट्रीटवर (पाटीवर शामळदास गांधी मार्ग, बोलण्यात अजून प्रिन्सेस स्ट्रीटच) सर्जिकलच्या दुकानात ‘आय कॅम्पचं किट’ मागितलं की बहुधा ॲल्युमिनियमची पेटी पुढे येते. आत २६६ नगांचा ट्रायल सेट (नंबर काढायच्या सुट्या काचा), ट्रायल फ्रेम (त्या काचा बसवायची चष्म्याची चौकट), टॉर्च, रेटिनोस्कोप (डोळ्यात उजेड टाकून नंबर काढायचं साधन), ऑफ्थॅल्मोस्कोप (डोळ्याचा पडदा बघायचं साधन) आणि एक घडीचा तक्ता. पेटी दिसायला झकास असते, पण ती टेबलावर ठेवून वापरायची वस्तू आहे. नेपाळ, केनिया किंवा युगांडात दहा-बारा दिवसांसाठी पहिल्यांदाच निघालेल्या ऑप्टोमेट्रिस्टच्या किंवा नेत्रतज्ज्ञाच्या हातात ती तशीच दिली, तर निम्मं वजन वाया जातं आणि जे खरोखर लागतं ते मुंबईतच राहतं. म्हणून या पेटीतली एकेक वस्तू बाहेर काढून, घ्यायची की नाही ते ठरवू.

वजनापासून सुरुवात. बऱ्याच विमान कंपन्या एका चेक-इन बॅगेला २३ किलो देतात. त्यातले निदान आठ-दहा किलो वाचायच्या चष्म्यांना लागतात. कपडे, औषधं, कागद धरले तर यंत्रांच्या वाट्याला सहा-सात किलोच उरतात. सोपी कसोटी सांगतो: भरलेली बॅग घेऊन दादरचा पूल गर्दीच्या वेळी एका दमात चढता आला, तर ती जीपच्या टपावरून खाली घेतानाही झेपेल.

आता ट्रायल सेट. २६६ नगांमध्ये स्फेरिकल, म्हणजे साध्या नंबराच्या काचा, ±२०.०० डायॉप्टरपर्यंत (डायॉप्टर हे काचेच्या ताकदीचं माप) आणि सिलिंडर, म्हणजे एकाच दिशेत ताकद असलेल्या काचा, प्लस-मायनस दोन्हीकडे ±६.०० पर्यंत असतात. शिबिरात प्लस सिलिंडर अख्खे घरी ठेवावेत, मायनसचे ३.०० पर्यंत पुरतात. स्फेरिकल ±०.२५ ते ±४.०० पाव-पाव डायॉप्टरच्या अंतराने, पुढे ६.०० पर्यंत अर्ध्या-अर्ध्याने, मग ८ आणि १०. प्लस १०.०० ची जोडी मात्र विसरू नये. लेन्स न बसवता मोतीबिंदू काढलेले वयस्क रुग्ण अजून भेटतात. प्लॅस्टिकच्या कडीचे, लहान काचेचे सेट हलके पडतात, पण त्यांच्यावर छापलेले आकडे स्पिरिटने पुसले जातात. नेण्यापूर्वी प्रत्येक कडीवर कायम शाईच्या पेनाने आकडा पुन्हा लिहून त्यावर पारदर्शक नेलपॉलिश लावलं की काम भागतं.

स्वस्त सेटची खरी खोट काचेत असते: कडीवर २.०० लिहिलेलं आणि आत २.२५. लेन्सोमीटर (काचेचा नंबर मोजणारं यंत्र) जवळ नसला तरी हे दुकानातच पकडता येतं. +२.०० आणि −२.०० एकमेकींना चिकटवून धरा, त्यांतून समोरच्या दाराची चौकट पाहा आणि जोडी हळूच वर-खाली हलवा. चौकटीची रेघ जागची हलली नाही तर दोन्ही काचा एकमेकींना काटतात. हलली तर दोघींपैकी एक खोटी आहे. दोन्ही काचा सारख्याच चुकलेल्या असतील तर मात्र ही युक्ती फसते, म्हणून जमलं तर एखादी काच माहितीतल्या लेन्सोमीटरवर घालून बघावी. अशा आठ-दहा जोड्या तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दुकानदार कंटाळतो. कंटाळू द्यावं.

ट्रायल फ्रेमवर फार शब्द खर्च करत नाही. काड्यांचे स्क्रू घट्ट हवेत, ॲक्सिसचे, म्हणजे सिलिंडर बसवायच्या कोनाचे, आकडे भिंगाशिवाय वाचता यायला हवेत. लहान मुलांसाठी एक छोटी, ठरावीक पीडीची (दोन बाहुल्यांमधल्या अंतराची) फ्रेम वेगळी घ्यावी.

या पेटीतली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे रेटिनोस्कोप, आणि तीच सर्वांत निष्काळजीपणे विकत घेतली जाते. दुकानदार ३.५ व्होल्टचं चार्जिंगचं हँडल पुढे करतो, कारण उजेड जास्त. दवाखान्यात ते योग्यच आहे. जिथे दिवसातून चार तास वीज येते तिथे दोन पेन्सिल सेलवर चालणारं २.५ व्होल्टचं घ्यावं, कारण पेन्सिल सेल खेड्यातल्या दुकानातही मिळतात. दिवा एलईडी असेल तर सेल जास्त टिकतात. हॅलोजन असेल तर त्याच बनावटीचे दोन सुटे बल्ब बरोबर हवेत. बल्ब बसवताना बुडाची पिन खाचेत नीट बसली पाहिजे. ती अर्धवट बसली की स्ट्रीक, म्हणजे उजेडाची रेघ, नीट पडत नाही. 

घेताना दुकानातला एक दिवा बंद करायला सांगावा, रेटिनोस्कोप भिंतीपासून हातभर अंतरावर धरावा आणि बाही, म्हणजे हँडलवरची सरकणारी नळी, वर-खाली करावी. रेघ रुंद होऊन पुन्हा बारीक व्हायला हवी, तिच्या कडा सरळ हव्यात आणि मध्ये काळा डाग नको. पुढचा मुद्दा नवख्याला सर्वांत जास्त गोत्यात आणतो. काही बनावटींत बाही वर असताना सपाट आरशाचा परिणाम मिळतो, काहींत खाली असताना. कॉलेजात एका बनावटीवर हात बसलेला असतो आणि शिबिरासाठी घेतलेली दुसरीच असते. मग ‘विथ’ (बाहुलीतली चमक, म्हणजे रिफ्लेक्स, रेघेबरोबर सरकते) दिसतं तिथे खरं ‘अगेन्स्ट’ (चमक उलटी सरकते) असतं आणि मायनसच्या माणसाला प्लस लिहून दिला जातो. नंबर माहीत असलेल्या माणसाच्या डोळ्यात एकदा बघून घ्यायचं, आणि बाहीची योग्य जागा हँडलवर पांढऱ्या पट्टीने खूण करून ठेवायची.

रेटिनोस्कोपबरोबर दोन लेन्स रॅक (ओळीने काचा बसवलेल्या पट्ट्या) घ्याव्यात, एक प्लस आणि एक मायनस. मुलांच्या रांगेत ट्रायल फ्रेम चढवत-उतरवत बसलं तर दुपार संपते. रॅकने एका मुलाचे दोन्ही डोळे दोन-तीन मिनिटांत होतात. शिवाय ६७ सेंटिमीटरची नाडी हँडलला बांधून ठेवावी. ६७ सेंमीवरून तपासलं तर मिळालेल्या नंबरातून १.५० वजा करायचे, ५० सेंमीवरून २.००. रांग वाढली की तपासणारा नकळत रुग्णाकडे सरकतो आणि वजाबाकी मात्र १.५० चीच करतो, मग सगळ्यांचा नंबर प्लसकडे झुकतो. नाडी दिसायला बावळट दिसते, पण अर्ध्या डायॉप्टरची चूक वाचवते.

हातातला ऑटोरिफ्रॅक्टर (आपोआप नंबर काढणारं यंत्र) घ्यावा का? पहिल्या खेपेला नको. त्याच्या किमतीत कित्येक रेटिनोस्कोप येतात. मुलांमध्ये, डोळा सैल करणारे थेंब न घालता, यंत्रात डोकावताना डोळा जवळ बघण्याचा जोर लावतो आणि यंत्र जास्तीचा मायनस दाखवतं. उघड्या दृष्टिक्षेत्राच्या, म्हणजे ज्यातून लांबचं खरं दृश्य दिसतं अशा यंत्रांत हा दोष कमी असतो, पूर्ण जात नाही. मोतीबिंदू पिकत आला असेल तर यंत्र ‘एरर’ म्हणून मोकळं होतं. रेटिनोस्कोपमध्ये निदान ‘रिफ्लेक्स अंधुक आहे, ऑपरेशनच्या रांगेत पाठवा’ एवढं तरी कळतं. ज्या टीमकडे आधीच तीन-चार रेटिनोस्कोपी येणारी माणसं आहेत आणि रोज दोनशेच्या वर डोळे बघायचे आहेत, तिथे सुरुवातीचा अंदाज घ्यायला यंत्र उपयोगी पडतं. ते सुरुवातीसाठीच, त्याच्या आकड्यावर चष्मा बनवू नये.

तक्त्याच्या बाबतीत किटमधल्या घडीच्या कागदावर विसंबू नये. ‘ई’ अक्षराचा तक्ता घ्यावा आणि पट्टी लावून मोजावा. ६ मीटरच्या तक्त्यावर ६/६० चं, म्हणजे सर्वांत वरचं मोठं, अक्षर ८७ मिलिमीटर उंच असतं, ३ मीटरच्या तक्त्यावर त्याच्या निम्मं, म्हणजे साधारण ४४. झेरॉक्सवाला ‘फिट टू पेज’ दाबतो आणि अख्ख्या गावाची नजर एका ओळीने वाढते किंवा घटते. ३ मीटरवर तपासलं तर शेवटच्या नंबरात −०.२५ मिळवायचं, नाहीतर लांबचं किंचित धूसर राहतं. मोबाइलवरचं पीक अॅक्युइटी हे मोफत ॲप केनियातल्या नाकुरूमध्ये पडताळलेलं आहे, २ मीटरवर चालतं आणि दुसरा तक्ता म्हणून चांगलं आहे. ब्राइटनेस पूर्ण ठेवून ‘ऑटो’ बंद करायचं आणि फोन सावलीत धरायचा. उन्हात मात्र ते निरुपयोगी ठरतं.

पिनहोल (डोळ्यापुढे धरायची, बारीक भोक असलेली चकती) प्रत्येक तक्त्याशी एक, दोरीने बांधलेला. यात कसूर नको. नजर पिनहोलने सुधारली तर चष्म्याच्या रांगेत, नाही सुधारली तर थेट डॉक्टरकडे. ही एकच विभागणी नीट पाळली की रिफ्रॅक्शनची, म्हणजे नंबर काढण्याची, गर्दी बरीच आटोक्यात येते.

भाषेसाठी दुभाष्या असतोच, पण तक्त्यापाशी त्याला अडकवून ठेवणं परवडत नाही. चार शब्द पाठ करून जावेत. स्वाहिलीत जूऊ म्हणजे वर, चिनी म्हणजे खाली, कुशोटो डावीकडे आणि कुलिया उजवीकडे. नेपाळीत माथि, तल, बायाँ, दायाँ. नेपाळी आपल्या कानाला इतकी ओळखीची वाटते की माणूस बेफिकीर होतो. बाकीचं काम हाताच्या खुणेवर. अक्षराचे पाय ज्या दिशेला त्या दिशेला बोटं करायला सांगायचं. आणि हे आधी अगदी जवळून, सर्वांत मोठ्या अक्षरावर करून घ्यायचं. खूण कळली नाही म्हणून ६/६० लिहिलेली मुलं जवळपास प्रत्येक शिबिरात सापडतात.

आता वाचायचे चष्मे. परदेशी शिबिरात सर्वांत जास्त समाधान देणारी आणि सर्वांत जास्त गडबड होणारी वस्तू हीच. आपल्याकडे ‘चाळिशी लागली’ म्हणतात ते जगभर त्याच सुमाराला लागतं. नवे, तयार चष्मे मुंबईतूनच घाऊक भावात घ्यावेत. वापरलेल्या जुन्या चष्म्यांची पोती गोळा करून नेण्याची हौस अनेकांना असते. अंधत्व निवारणाचं काम करणाऱ्या संस्थांची जागतिक संघटना, आयएपीबी, असे चष्मे स्वीकारू नका असंच सांगते, आणि त्याला कारणं आहेत. प्रत्येक चष्मा मोजून, धुवून, लेबल लावून ठेवायला जितके तास जातात, तितक्यात नवे विकत घेता येतात. शिवाय त्यांतले सिलिंडर आणि ॲक्सिस दुसऱ्या कोणाच्याच डोळ्याला जुळत नाहीत.

शंभर चष्म्यांची वाटणी करताना ढोबळमानाने +१.०० चे दहा, +१.५० चे वीस, +२.०० आणि +२.५० चे प्रत्येकी पंचवीस, +३.०० चे पंधरा आणि +३.५० चे पाच असं धरावं. बाजारात मिळणाऱ्या तयार संचांत +१.०० आणि +१.५० जास्त भरलेले असतात, ते परत येतात. एक हलका प्लॅस्टिकचा चष्मा कापडी पिशवीसह साधारण २५-३० ग्रॅम भरतो, म्हणजे तीनशे चष्मे आठ-नऊ किलो. खोके मुंबईतच फेकून, चष्मे नंबरवार झिप-पिशव्यांत भरून त्यांवर ठळक आकडा लिहावा.

नंबर वयावरून अंदाजाने, पण कामावरून पक्का करायचा. पंचेचाळिशीच्या शिंप्याला +१.५० चालेल. त्याच वयाच्या बाईला तांदूळ निवडायचे असतील तर परात चेहऱ्यापासून किती लांब असते, त्यावरून नंबर ठरवावा. रोजची वस्तू हातात देऊनच बघावं: सुई-दोरा, तांदूळ, मोबाइल, धर्मग्रंथ. ४० सेंमीची वाचनाची पट्टी ही कॉलेजची सोय आहे.

पीडी बघायला हवीच. तयार चष्म्यांची पीडी बहुधा ६०-६४ मिमी असते. ५६ मिमीच्या अरुंद चेहऱ्यावर ६२ चा +२.५० चष्मा चढला तर प्रत्येक डोळ्यापुढे ३ मिमीचा फरक पडतो. सेंटिमीटर गुणिले पॉवर, म्हणजे ०.३ × २.५० = ०.७५ प्रिझम (काच उजेड किती वळवते त्याचं माप) एका डोळ्याला, दोन्हींचा मिळून दीड. वाचायला बसलं की डोकं दुखतं, चष्मा ट्रंकेत जातो आणि त्या गावात ‘मुंबईवाल्यांचे चष्मे’ बदनाम होतात. दोन डोळ्यांत अर्ध्या डायॉप्टरपेक्षा जास्त फरक असेल किंवा सिलिंडर ०.७५ च्या वर असेल, तर तयार चष्मा देऊ नये, बनवून द्यावा.

बनवून देण्याची सोय यजमान संस्थेकडे आहे का, हे तिकीट काढण्यापूर्वी विचारायचं. काचा घासून फ्रेमला बसवणारा फिटर जवळ आहे का, आणि चष्मा रुग्णापर्यंत किती दिवसांत कोण पोहोचवणार? उत्तर गुळमुळीत आलं, तर रिफ्रॅक्शन करून केवळ कागद हातात देण्यात अर्थ नाही. ऑर्डरच्या कागदावर सिलिंडर एकाच पद्धतीने, मायनसमध्ये लिहायचं आणि चिन्हाभोवती गोल करायचा. पीडी, फ्रेमचा क्रमांक आणि रुग्णाचा ठावठिकाणा असलेली कार्बन कॉपी संस्थेकडे ठेवायची.

चाळिशीच्या चष्म्याचा एक धोका असा की तो हातात पडला की माणूस हसत घरी जातो. काचबिंदू तसाच राहतो. म्हणून चाळिशीनंतरच्या प्रत्येकाची डिस्क (डोळ्याच्या मागे दिसणारं दृष्टीच्या नसेचं टोक) बघायची आणि जमेल तिथे प्रेशर, म्हणजे डोळ्यातला दाब, घ्यायचं, चष्मा त्यानंतर. किटमधला डायरेक्ट ऑफ्थॅल्मोस्कोप ठीक आहे, पण तोही पेन्सिल सेलवरचाच हवा. २०डी किंवा ९०डी (डोळ्याचा पडदा बघायच्या लेन्स) स्वतःची असेल तर हातातल्या बॅगेत न्यावी. प्रेशरसाठी रिबाउंड टोनोमीटर भूल न देता चालतो, तपासणी झटकन होते, पण प्रत्येक रुग्णाला नवा प्रोब (डोळ्याला टेकणारी बारीक काडी) लागतो. शंभर प्रोब म्हणजे शंभर रुग्ण, त्यापुढे यंत्र बंद. पर्किन्स या हातात धरायच्या टोनोमीटरला प्रोपॅराकेन (भुलीचे थेंब) आणि फ्लुरेसिनच्या (रंगाच्या) पट्ट्या लागतात आणि दर रुग्णामागे प्रिझम, म्हणजे त्याचं डोळ्याला टेकणारं टोक, निर्जंतुक करावं लागतं. ३% हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये पाच मिनिटं, मग निर्जंतुक सलाइनने धुवून कोरडं. दोन प्रिझम असल्याशिवाय रांग चालत नाही. पेटीत कधीकधी शिऑट्झ हा जुन्या पद्धतीचा टोनोमीटरही येतो. तो दुकानातच ठेवावा, कारण झोपवून तपासायला वेळ आणि जागा दोन्ही लागतात आणि डोळ्याच्या भिंतीच्या ताठपणाने आकडा फसतो.

बाहुली मोठी करणारे थेंब घालण्याआधी टॉर्च बाजूने धरून बुबुळाची सावली बघावी. नाकाकडच्या बाजूला गडद सावली पडली तर कोन अरुंद समजावा, तिथे बाहुली मोठी करू नये. आपल्याकडच्या ट्रॉपिकामाइड ०.८% आणि फेनिलेफ्रिन ५% च्या मिश्र बाटल्या हाताला सरावाच्या असतात, पण रक्तदाब जास्त असलेल्या आणि हृदयविकाराच्या माणसाला नुसतं ट्रॉपिकामाइड द्यावं. प्रेशर अचानक चढलं तर ते उतरवायला ॲसिटाझोलामाइड २५० मिलिग्रॅमच्या गोळ्या पाकिटात हव्यातच, सल्फाची ॲलर्जी विचारून. प्रोपॅराकेन न उघडता २-८ अंशांत ठेवायचं असतं, त्यामुळे ते शक्यतो तिथेच विकत घेतलेलं बरं. बाटल्या उघडल्याची तारीख लिहावी आणि २८ दिवसांनी टाकून द्यावी. कोणतंही औषध यजमान देशाच्या परवानगीशिवाय आणि संस्थेच्या पत्राशिवाय नेऊ नये. कस्टम्सने खोका अडवला तर पहिले दोन दिवस त्यातच जातात.

लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवायच्या, चेक-इनमध्ये नाही. १०० वॉट-अवरपर्यंत अडचण येत नाही. महागडी उपकरणं नेत असाल तर सहार विमानतळावर निघतानाच कस्टम्सकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्यावं, त्यावर वस्तूंचे सीरियल नंबर येतात. हा कागद नसेल तर परतताना स्वतःच्याच ९०डीवर ड्युटी का लावू नये, हे पटवत बसावं लागतं. त्यासाठी नेहमीपेक्षा तासभर आधी पोहोचायचं. सामान आत गेल्यावर हा कागद मिळत नाही, कारण वस्तू दाखवाव्या लागतात.

केनिया, युगांडासारख्या देशांसाठी पिवळ्या तापाची लस लागते. मुंबईत ती पोर्ट हेल्थ आणि एअरपोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशनसारख्या ठरवून दिलेल्या केंद्रांवरच मिळते. प्रमाणपत्र टोचल्यानंतर १० दिवसांनी लागू होतं, ११ जुलै २०१६ पासून ते आयुष्यभरासाठी वैध धरलं जातं. गंमत अशी की ते परत येताना जास्त महत्त्वाचं ठरतं: ते नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लसीची कुपी अनेक डोसांची असते, म्हणून ठरलेल्या दिवशी, नाव नोंदवून जावं लागतं. शेवटच्या आठवड्यात धावपळ करणाऱ्यांचा इथेच घात होतो.

कागदांत सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे तिथे रुग्ण तपासायचा अधिकार. भारतातली नोंदणी सीमेपलीकडे चालत नाही. नेपाळमध्ये डॉक्टरला नेपाळ मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी लागते, ऑप्टोमेट्रिस्टसाठी नेपाळ हेल्थ प्रोफेशनल कौन्सिल आहे. डॉक्टरांकडे गुड स्टँडिंग सर्टिफिकेट (नोंदणी निर्वेध असल्याचा दाखला) मागितलं जातं, त्याचा अर्ज काही महिने आधी करावा. प्रोफेशनल इन्डेम्निटीची (उपचारातल्या चुकीच्या दाव्यांसाठीच्या विम्याची) पॉलिसी उघडून ‘टेरिटरी’चा रकाना वाचावा, तिथे बहुधा ‘भारत’ एवढंच लिहिलेलं असतं.

जाण्याचं पॅकेज विकणाऱ्यांबद्दल थोडक्यात. राहणं, जेवण, सफारी आणि ‘शस्त्रक्रियेचा हात’ असं एकत्र देणाऱ्या जाहिराती विद्यार्थ्यांकडे येतात. शेवटचे दोन शब्द दिसले की फोन ठेवावा. इथे जे स्वतंत्रपणे करायची परवानगी नाही ते तिथे करायचं नसतं. बरी संस्था स्वतःहून सांगते की तुमची नोंदणी कोण करणार, तुम्ही गेल्यावर त्या रुग्णांना कोण बघणार आणि तिथला कोणता माणूस तुमच्या शेजारी बसून शिकणार. तयारीसाठी ऑर्बिस या नेत्रसेवा संस्थेचं सायबरसाइट हे ऑनलाइन व्यासपीठ घरबसल्या वापरता येतं. नेत्रक्षेत्रातल्या माणसांसाठी ते मोफत आहे. तिथले काचबिंदूचे अभ्यासक्रम जाण्याआधी पुरे करावेत, डिस्क वाचायची नजर तयार होते. हात मात्र त्याने बसत नाही. रेटिनोस्कोपीसाठी एखाद्या महापालिका शाळेच्या तपासणीत सलग तीन-चार दिवस बसणं जास्त कामाला येतं.

एकूण मत असं. पेटी आख्खी घेऊ नये. रेटिनोस्कोप, दोन रॅक, निवडक काचा, मोजून घेतलेला तक्ता आणि पिनहोल यांवर पैसे घालावेत, उरलेले चष्म्यांवर. परतताना तक्ता, रॅक आणि उरलेले चष्मे नंबरवार यादीसह तिथल्या ऑप्टोमेट्रिस्टकडे देऊन यावेत. एक्सपोर्ट सर्टिफिकेटवर लिहिलेल्या वस्तू मात्र परत आणाव्यात. मुंबईत जून ते सप्टेंबरमध्ये त्या कपाटात ठेवल्या तर काचांवर आणि आरशावर बुरशीचे धागे धरतात. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवायच्या. निळ्या रंगाचं जेल गुलाबी झालं की ते तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळं होईपर्यंत तापवायचं. तो तवा मग पोळ्यांना वापरायचा नाही.